एकाच वर्षातले दोन करार: परराष्ट्र धोरण आणि आपले खासदार

नमस्कार. ‘परराष्ट्र धोरण आणि लोकप्रतिनिधी’ हा विषय तासाभरात मांडायचा, तर तो पसरट होणार. म्हणून मी १९७४ हे एकच साल धरून बोलणार आहे. त्या वर्षी मे आणि जून या लागोपाठच्या महिन्यांत इंदिरा गांधींच्या सरकारने दोन शेजाऱ्यांशी सीमेचे करार केले. १६ मे रोजी मुजीबुर रहमान यांच्याबरोबर बांगलादेशाच्या जमिनीवरच्या सीमेचा. जूनअखेरीस सिरिमावो बंदरनायके यांच्याबरोबर श्रीलंकेच्या सागरी सीमेचा. या दुसऱ्या करारात पाल्कच्या सामुद्रधुनीतलं कच्चतीवू हे २८५ एकरांचं बेट श्रीलंकेकडे गेलं. बेटावर वस्ती नाही, सेंट अँथनीचं चर्च आहे आणि वर्षातून एकदा जत्रा भरते.

श्रीलंकेचा करार त्याच वर्षी जुलैत लागू झाला. बांगलादेशाचा पूर्णपणे अमलात यायला २०१५ साल उजाडलं, म्हणजे ४१ वर्षं गेली. पण आज त्या करारावर दिल्लीत कुणी भांडत नाही. कच्चतीवूवरून मात्र २०२४ च्या लोकसभेच्या प्रचारात पंतप्रधानांपासून सगळे बोलले आणि एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडू विधानसभेने ‘बेट परत मिळवा’ असा ठराव केला. माझं म्हणणं असं आहे की हा फरक संसदेने घडवला. एक करार खासदारांनी तपासून, मत देऊन मंजूर केला, दुसरा त्यांना नुसता कळवण्यात आला.

पुष्कळांना हे माहीत नसतं, पण आपल्या राज्यघटनेत परदेशाशी केलेला करार संसदेकडून मंजूर करून घेतलाच पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे तहाला सिनेटच्या दोन तृतीयांश मतांची संमती लागते. आपल्याकडे मंत्रिमंडळाने होकार दिला की करार झाला. त्यासाठी कायदा बदलावा लागला किंवा तिजोरीतून पैसा काढायचा असला तरच संसदेची पायरी चढावी लागते.

जमीन देऊन टाकायची असेल तर मात्र वेगळं. हे ठरलं बेरूबारीच्या प्रकरणात. जलपायगुडी जिल्ह्यातल्या बेरूबारीचा अर्धा भाग पूर्व पाकिस्तानला द्यायचं १९५८ मध्ये नेहरू आणि फिरोजखान नून यांनी ठरवलं. बंगालमध्ये गदारोळ उठला, राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं, आणि १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं की देशाची भूमी परक्याला द्यायची तर कलम ३६८ खाली घटनादुरुस्ती हवी. भूमी मिळवायला अशी परवानगी लागत नाही. गोवा मुक्त झाल्यावर १२ वी घटनादुरुस्ती झाली, ती गोवा, दमण आणि दीव यांची नावं केंद्रशासित प्रदेशांच्या यादीत घालण्यासाठी. पुढे १९६९ मध्ये कच्छच्या रणाच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक भेद केला: सीमा मुळातच वादात असेल आणि ती फक्त आखून घ्यायची असेल, तर घटनादुरुस्तीची गरज नाही.

कच्चतीवू याच फटीतून गेलं. सरकारची भूमिका अशी की बेट कुणाचं हे कधी ठरलेलंच नव्हतं, तेव्हा आपण काही दिलं नाही, रेषा तेवढी आखली. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद पोकळ नाही. पण परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग लोकसभेत निवेदन करायला उभे राहिले ते २३ जुलै १९७४ रोजी, सही होऊन गेल्यावर. तामिळनाडूच्या खासदारांनी कडाडून विरोध केला, सभात्याग झाला, आणि विषय तिथे संपला. मत द्यायची वेळ कुणावर आलीच नाही. दोन वर्षांनी दुसरा करार झाला. त्यात कन्याकुमारीजवळचा वाज बँक हा मासळीने समृद्ध पट्टा भारताच्या बाजूला आला, आणि सोबतच्या पत्रव्यवहारातून दोन्हीकडच्या मच्छीमारांना एकमेकांच्या पाण्यात मासेमारी बंद झाली. या दोन्ही बाजू मांडून खासदारांना समजावता आलं असतं. रामेश्वरमच्या कोळ्यांचं काय होणार, हे त्यांच्या खासदाराने समितीत बसून अधिकाऱ्यांना विचारलं असतं. ते झालं नाही आणि आजही त्या कोळ्यांच्या बोटी जप्त होतात.

आता बांगलादेशाकडे वळू. १९७४ च्या करारात छिटमहलांची अदलाबदल होती. छिटमहल म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेले दुसऱ्या देशाचे तुकडे. बांगलादेशात आपले १११, आपल्याकडे त्यांचे ५१. दहाला खगराबाडी नावाचा एक जमिनीचा तुकडा होता, ताग पिकवणारं जेमतेम पावणेदोन एकरांचं शेत. ते भारताचं, पण बांगलादेशी छिटमहलाच्या आत. तो छिटमहल भारतीय छिटमहलाच्या आत. आणि तो बांगलादेशात! नकाशावर गंमत वाटते. पण २०११ च्या संयुक्त मोजणीत या सगळ्या तुकड्यांत ५१,००० हून जास्त माणसं निघाली. त्यांच्याकडे मतदार ओळखपत्र नव्हतं, वीज नव्हती, चोरी झाली तर यायला पोलीस नव्हते. पोराला शाळेत घालायचं तर शेजारच्या गावातल्या कुणाचं तरी नाव बाप म्हणून लावायचं.

बांगलादेशाने १९७४ मध्येच स्वतःच्या राज्यघटनेत दुरुस्ती करून करार मंजूर केला. आपण केला नाही. कारण उघड होतं: १७,००० एकर द्यायचे आणि ७,००० एकर घ्यायचे, हे सभागृहात उभं राहून सांगायला कोण धजावणार?

मी दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयात असताना अधिवेशनाच्या दिवसांत आमच्या मजल्यावर उशिरापर्यंत दिवे असायचे. तारांकित प्रश्नाचं, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं, उत्तर चार ओळींचं, पण त्यामागची फाइल चांगली जाडजूड. मंत्र्यांना कोणते उपप्रश्न येतील याचा अंदाज बांधून प्रत्येकाचं टिपण करायचं, आकडे पुन्हा तपासायचे, त्या देशातल्या आपल्या दूतावासाकडून रात्रीत खुलासा मागवायचा. सकाळी अकराला आम्ही अधिकाऱ्यांच्या गॅलरीत. अनपेक्षित उपप्रश्न आला की चिठ्ठी लिहायची आणि ती शिपायाच्या हातून मंत्र्यांपर्यंत जाईतो श्वास रोखून बसायचं. त्या चिठ्ठीवर लिहिलेलं वाक्य मंत्र्यांच्या तोंडून बाहेर पडलं की ते देशाचं धोरण होतं. ढाक्यात आणि कोलंबोत ते त्याच दिवशी वाचलं जातं. आणि ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं म्हटलं तर ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, नाहीतर शासकीय आश्वासन समिती जाब विचारते.

एवढी मेहनत करून आमच्यापैकी पुष्कळांचा कल मात्र कमीत कमी सांगण्याकडे असायचा. ‘सरकार वचनबद्ध आहे, योग्य त्या पातळीवर चर्चा सुरू आहे.’ अशा गुळमुळीत उत्तराने तो दिवस निभावतो, पण खासदाराला काहीच कळत नाही. मग विधेयक समोर आल्यावर त्याने त्याला पाठिंबा का द्यावा?

२०१३ मध्ये नेमकं हेच दिसलं. २०११ मध्ये ढाक्यात १९७४ च्या कराराला पूरक करार झाला होता. ते अमलात आणण्यासाठीचं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मांडायचे प्रयत्न गोंधळात फसले. अखेर १८ डिसेंबरला सलमान खुर्शीद यांनी ते आरडाओरड्यातच मांडलं. राज्यसभेत मांडण्यातही विचार होता: लोकसभा विसर्जित झाली तरी तिथे मांडलेलं विधेयक रद्द होत नाही. भाजपमध्ये आणि आसाममध्ये विरोध होता, तृणमूल काँग्रेसचाही होता.

कोंडी फुटली ती संसदेच्या परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीत. ३१ खासदार, अध्यक्ष काँग्रेसचे शशी थरूर, आणि २०१४ च्या निवडणुकीनंतर सरकार भाजपचं. या बैठका बंद दाराआड होतात. कॅमेरा नाही, पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, नाही. सचिवांना समोर बसवून खासदार वाटेल ते विचारू शकतात, आणि तिथे गुळमुळीत उत्तर चालत नाही. घुसखोरी वाढेल का, खरोखर किती लोक इकडे येतील, त्यांच्या घरांचा खर्च कोण करणार, प्रत्यक्षात आपली जमीन जाते की जी कधी आपल्या ताब्यात नव्हतीच ती कागदावरून कमी होते? १ डिसेंबर २०१४ ला समितीने एकमताने अहवाल दिला: विधेयक विनाविलंब आणा. त्याच आठवड्यात ममता बॅनर्जींनी कूचबिहारच्या सभेत पाठिंबा जाहीर केला. पुनर्वसनाचा भार केंद्राने उचलावा ही त्यांची मागणी होती. मध्यंतरी विधेयकातून आसाम वगळायचा विचार पुढे आला, तोही मागे पडला.

६ मे २०१५ रोजी राज्यसभेत १८१ विरुद्ध शून्य. दुसऱ्या दिवशी लोकसभेत ३३१ विरुद्ध शून्य. विधेयक सुषमा स्वराज यांनी मांडलं, आणि मतदानानंतर पंतप्रधान विरोधी बाकांकडे जाऊन आभार मानून आले. ही १०० वी घटनादुरुस्ती. ३१ जुलैच्या मध्यरात्री छिटमहल इतिहासजमा झाले. बांगलादेशातल्या आपल्या छिटमहलांतून इकडे आलेली माणसं हजाराच्या आत होती. इकडच्या छिटमहलांतून तिकडे कुणीच गेलं नाही. घुसखोरीची भीती घालणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट उत्तर काय हवं?

म्हणून संसदेकडे गेलं की काम रखडतं, हे मला मान्य नाही. ४१ वर्षांतली बरीचशी वर्षं खासदारांकडे न जाण्यात गेली, त्यांनी विचार करण्यात नव्हे. समितीकडे विधेयक पोचल्यावर दीड वर्षाच्या आत सगळं आटोपलं. त्या चार दशकांत छिटमहलात दोन पिढ्या कागदपत्रांवाचून वाढल्या. त्याचा जाब दिल्लीतल्या सगळ्याच सरकारांना विचारायला हवा.

आणि हे आज बोलण्याचं कारण आहे. गंगेच्या पाण्याचा बांगलादेशाशी करार १२ डिसेंबर १९९६ रोजी झाला, मुदत ३० वर्षांची, म्हणजे ती २०२६ च्या डिसेंबरपर्यंत. १९९६ मध्ये पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंना विश्वासात घेतलं होतं म्हणून तो झाला. २०११ मध्ये तिस्ता नदीच्या पाणीवाटपाच्या वेळी पश्चिम बंगालचा विरोध मोडून काढता आला नाही, आणि तो करार अजून अडकलेला आहे. गंगेच्या नव्या कराराला कायद्याने संसदेची मंजुरी लागणार नाही. तरीही त्याचा मसुदा सही होण्याआधी स्थायी समितीपुढे ठेवावा, गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या भागातल्या, बिहारच्या आणि बंगालच्या खासदारांना तिथे बोलावून पाण्याचे आकडे त्यांच्यासमोर मांडावेत. आपल्या मतदारसंघाच्या खासदारांना हे जरूर विचारा की या समितीत कोण बसतं आणि गंगेचा विषय तिथे कधी आला.