पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज

[दृश्य: रेघांचा कागद, अगदी जवळून]

हा कागद सावकाश बघा. वर छापलेत ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या तुरुंग खात्याचे नियम. आठवड्याला दोनच पत्रं. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. दोन रेघांच्या मधे लिहायचं नाही. पत्रात तिकिटं, कात्रणं, पैसे घालायचे नाहीत. आणि या नियमांच्या खाली, पेन्सिलीनं, एकेक अक्षर सुटं काढत एका कैद्यानं लिहिलंय. स्पेलिंगच्या चुका पुष्कळ. पण सगळ्यात वर ज्याचं नाव घातलंय, ते अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय. 8 जानेवारी 1962 ला हा पाच पानी अर्ज तिथे पोचला.

[दृश्य: गिडियनचं छायाचित्र]

क्लॅरन्स अर्ल गिडियन. शाळा आठवीपर्यंत. तुरुंगाच्या वाऱ्या आधीही झालेल्या. या खेपेला आरोप होता फ्लोरिडातल्याच पनामा सिटी या गावी एका पूल रूममध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारखा पूल खेळायच्या जागेत, चोरीसाठी घुसल्याचा. गेलं काय, तर मशीनमधली चिल्लर आणि काही बाटल्या.

4 ऑगस्ट 1961 ला खटला उभा राहिला. गिडियननं वकील मागितला. न्यायाधीश म्हणाले, मृत्युदंड होऊ शकेल असा गुन्हा असेल तरच फ्लोरिडाचा कायदा मला वकील नेमू देतो. त्यावर गिडियन म्हणाला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, मला वकिलाचा हक्क आहे.

असं काही त्या न्यायालयानं सांगितलं नव्हतं. 1942 च्या बेट्स विरुद्ध ब्रेडी खटल्यात ते जवळजवळ उलटंच बोललं होतं: खास परिस्थिती असेल तर ठीक, नाहीतर गरीब आरोपीला वकील पुरवायची सक्ती राज्यांवर नाही. गिडियनला हे ठाऊक नव्हतं. बरंच झालं!

साक्षीदारांना प्रश्न त्यानंच विचारले, ज्युरीपुढे, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांपुढे, बोलला तोच. शिक्षा पाच वर्षं. मला वकील दिला नाही, ही तक्रार घेऊनच त्यानं तुरुंगातून तो अर्ज लिहिला.

[दृश्य: न्यायालयाच्या संगमरवरी पायऱ्या]

फी भरायची ऐपत नाही असं शपथेवर सांगितलं, की या न्यायालयात कंगालाचाही अर्ज घेतात. अर्ज घेतला, आणि गिडियनसाठी वकील नेमला एब फोर्टस, वॉशिंग्टनमधला बडा माणूस. पुढे हा स्वतःच त्या न्यायालयावर न्यायमूर्ती झाला. मुद्दा असा होता. 1791 ची सहावी घटनादुरुस्ती आरोपीला वकिलाची मदत देते, पण ती बांधते केंद्र सरकारला. राज्यांना बांधते 1868 ची चौदावी: रीतसर न्यायप्रक्रियेशिवाय कुणाचं स्वातंत्र्य हिरावायचं नाही. मग वकील हा त्या रीतीचा भाग धरायचा की नाही? वीसहून अधिक राज्यांनी गिडियनच्या बाजूनं निवेदन दिलं. म्हणजे ज्यांच्या तिजोरीतून पैसा जाणार होता, तीच राज्यं!

18 मार्च 1963. नऊच्या नऊ न्यायमूर्ती गिडियनच्या बाजूनं. निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. 1942 च्या बेट्स निकालाशी असहमतीचं मत नोंदवणारे हेच. फौजदारी न्यायालयात वकील ही चैन नाही, गरज आहे, असं त्यांनी लिहिलं.

आपल्याकडे 'सरकारी वकील' म्हटलं की आरोपीच्या विरुद्ध उभा राहणारा. इथे सरकारनं पगार देऊन आरोपीच्याच बाजूनं वकील उभा करायचा होता. त्याला म्हणतात पब्लिक डिफेंडर. फ्लोरिडानं त्याच वर्षी तसा कायदा केला. वकिलाशिवाय शिक्षा झालेले तिथले सुमारे 2,000 कैदी सुटले. एकेका डिफेंडरच्या टेबलावर खटल्यांचा ढीग साचतो, ही तक्रार आजही आहे.

[दृश्य: पनामा सिटी, न्यायालयाची इमारत]

गिडियनचा खटला ऑगस्ट 1963 मध्ये पुन्हा चालला. न्यायाधीश तेच. या वेळी शेजारी फ्रेड टर्नर हा स्थानिक वकील. मुख्य साक्षीदाराची त्यानं कसून उलटतपासणी घेतली. ज्युरी तासाभरात परतली. निर्दोष.

[दृश्य: पुन्हा तोच कागद]

तोवर गिडियनची दोन वर्षं तुरुंगात गेली होती.