पुराव्याची पाळी नेहमी त्यांच्यावरच का?
(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

१९९० साली ब्रिटनमध्ये नॉर्मन टेबिट या खासदारांनी एक कसोटी मांडली होती. दक्षिण आशियातून आलेली माणसं क्रिकेटच्या सामन्यात कुणाच्या बाजूने ओरडतात, यावरून ती इथली झाली की नाही हे ओळखा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते ऐकून आपल्यातल्या अनेकांना राग आला, आणि तो योग्यच होता. पण हाच प्रश्न आपणही भारतातल्या काही शेजाऱ्यांना फार सहज विचारतो. म्हणून आज मी अशा एका समाजाबद्दल बोलणार आहे, ज्याची मातृभाषा मराठी आहे आणि ज्याला आपलेपणाचा दाखला स्वतःच्या धर्मबांधवांनीच मागितला: कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल.

नवगाव, चौल, पेण, रोहा, अष्टमी, मुरुड या भागात हे लोक शेकडो वर्षं राहिले. नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी, यांनी १७९६ साली मांडवीत बांधलं. कंपनीच्या फौजेतला हा माणूस. प्रार्थनामंदिराला ते लोक मशीदच म्हणत. १८८० च्या सुमारास त्यांच्यात कीर्तनंही सुरू झाली. आख्यान अब्राहम किंवा मोशेचं. साकी, दिंडी, ओवी मात्र आपलीच.

आता इमानाचा प्रश्न. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधल्या ज्यू निर्वासितांना पत्रात सांगितलं होतं की ज्या नगरात राहता त्याच्या भल्यासाठी झटा. पुढे ज्यू धर्मशास्त्रात, राज्याचा कायदा हा आपल्यालाही कायदाच, असा नियम रुजला. बेने इस्रायल रोज जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करायचे आणि त्याच प्रार्थनामंदिरात राज्यकर्त्यांसाठीही प्रार्थना व्हायची. त्यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. १८९७ च्या पहिल्या झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंची स्वतःची भूमी मागणाऱ्या चळवळीच्या, अधिवेशनाचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार कळवला. १९१६ साली टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवून पुण्यात कारवाई झाली, तेव्हा त्यांच्या बाजूने जिनांसोबत उभ्या राहिलेल्या वकिलांत बेने इस्रायल एरुळकर होते. डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून महालक्ष्मी-वरळीकडे रोज हजारो माणसं जातात. १९६५ च्या युद्धात भारतीय आरमाराच्या ताफ्याचे प्रमुख होते बी. ए. सॅमसन, पुण्याचे बेने इस्रायल.

मी ही नावं घेतली खरी, पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. एखाद्या समाजाने देशाला आरमारी ताफ्याचा प्रमुख दिला म्हणून त्याचं इमान सिद्ध होतं, असं मी मानत नाही. तसं मानलं तर ज्या समाजातून कुणी महापौर झाला नाही, त्याचं काय? पोयनाडच्या तेल्याला नागरिक ठरायला सॅमसन साहेबांची गरज पडता कामा नये.

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला जाऊ लागले. इथे छळ झाला म्हणून ते गेले नाहीत, हे त्यांनीच जगाला वारंवार सांगितलं आहे. धर्माची ओढ होती, नातेवाईक पुढे गेले होते आणि इंग्रज गेल्यावर रेल्वे, पोस्ट, कस्टम्समधल्या नोकऱ्यांची खात्री उरली नव्हती. तिकडे त्यातल्या अनेकांच्या वाट्याला बेरशेबासारख्या ठिकाणची नवी वसाहत आली. कामात आणि वागणुकीत रंगावरून भेद होतो अशी तक्रार करत काहींनी धरणं धरलं आणि भारतात परत पाठवा म्हणाले. १९५२ मध्ये सुमारे दीडशे जणांना विमानाने मुंबईला आणलं गेलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची मागणी केली. बाहेरून पाहणाऱ्याला ही धरसोड वाटेल. मला त्यात दोन्ही घरांवर हक्क सांगणारी माणसं दिसतात.

खरा घाव १९६२ चा. तो नीट समजून घेण्यासाठी आधी इस्रायलचा १९५३ चा कायदा माहीत हवा. त्या कायद्याने देशातल्या ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट ज्यू धर्मपीठाच्या हाती दिले. देशात नोंदणी विवाहाची सोय नव्हती. म्हणजे धर्मगुरूने नोंद नाकारली की मुलीचं लग्न अडलं. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाच्या परिषदेने बेने इस्रायलांशी लग्नाला हरकत नाही असं ठरवलं. पण १९६२ च्या सुरुवातीला नोंदणी करणाऱ्या धर्मगुरूंना जे परिपत्रक गेलं त्यात म्हटलं होतं की अर्जदाराची आई, आजी, पणजी अशी जितकी मागे जाता येईल तितकी चौकशी करा. वंशात कुणी परधर्मीय होतं का पाहा. घटस्फोटानंतर कुणाचं दुसरं लग्न झालं होतं का पाहा. शंका आली तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे.

घटस्फोटाच्या या प्रश्नाचं कारण असं की कोकणात रब्बी, म्हणजे शास्त्र शिकलेले ज्यू धर्मगुरू, नव्हते. लग्न, सुंता, तंटे हे गावचा मुकादम, काजी आणि हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, मिळून पाहत. त्यामुळे ज्यू शास्त्राप्रमाणे विधिवत घटस्फोटपत्र झालंच असेल, याची धर्मपीठाला खात्री नव्हती.

आता हा दाखला आणायचा कुठून? वीस-बावीस वर्षांच्या मुलीची पणजी १८६५ च्या आसपासची. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा १८८६ चा कायदा ऐच्छिक होता. देशभर नोंदणी सक्तीची करणारा कायदा आला १९६९ साली. म्हणजे या मुलीने १९६२ मध्ये जो कागद दाखवायचा, तो कागद ठेवण्याची सक्ती तिच्या मायदेशी अजून सात वर्षांनी होणार होती! खेड्यांत बरीचशी उपासना घरीच चाले, त्यामुळे प्रार्थनामंदिराची वहीही नाही. उरला तो कतुबा, म्हणजे लग्नाचा करार, आणि थडग्यावरचं नाव. हा पुरावा मागितला फक्त बेने इस्रायलांकडे. पोलंडहून आलेल्या माणसाच्या पणजीची अशी सरसकट चौकशी करा, असं सांगणारं परिपत्रक निघालं नाही.

समाज उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकामुलांसह धरणं, निदर्शनं, उपोषणं झाली. १७ ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने या प्रश्नासाठी खास बैठक घेतली. बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत आणि त्यांना समान हक्क आहेत, अशी भूमिका सरकारने घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस परिपत्रकातून ‘बेने इस्रायल’ हे शब्द गेले आणि तिथे ज्याच्याबद्दल शंका असेल असा कुणीही, असा सर्वसाधारण मजकूर आला. चौकशीचा अधिकार तसाच राहिला. नाव काढलं, सवय राहिली.  

यातून मला जे कळलं ते सांगतो. राज्याने माणसाच्या वागण्याबद्दल विचारावं: कर भरला का, कायदा पाळला का, नागरिकत्वाची शपथ घेताना काय कबूल केलं. वंश आणि ओढ यांबद्दल विचारलं की उत्तर द्यायला कागदच नसतो, आणि प्रश्न फक्त दुबळ्याला विचारला जातो.

आपल्यालाही कागद वेगळा आणि ओढ वेगळी ठेवता यायला हवी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. आपणहून दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर जुना पासपोर्ट वापरणं हा गुन्हा आहे. तो जमा करून तसं प्रमाणपत्र घ्या, मगच ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करा. त्यात आपल्याकडचे लोक हमखास अडकतात ते हे प्रमाणपत्र हरवल्यामुळे. ओसीआय कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळू शकते. अमेरिकेची शपथ परक्या राज्याशी असलेली निष्ठा सोडायला सांगते. तिथे हात वर करणाऱ्या मराठी माणसाने गणपती आणि गाव सोडलेला नसतो, आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. मुंब्र्याच्या मुसलमानाला किंवा वसईच्या ख्रिस्ती सामवेदी कुटुंबाला ही मुभा आपण मनातून देतो का, हे प्रत्येकाने तपासावं.

कार्यकारिणीपुढे तीन मागण्या ठेवतो. आपले बहुतेक कार्यक्रम शनिवारी असतात, आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची धार्मिक विश्रांती, पाळणारी बेने इस्रायल कुटुंबं शनिवारी येऊ शकत नाहीत. पुढच्या वर्षी निदान दोन मोठे कार्यक्रम रविवारी घ्या. मटणाच्या जेवणात दही-दूध-तूप घालू नका, कारण त्यांच्या धर्मात मांस आणि दुधाचे पदार्थ एकत्र चालत नाहीत. त्यांची आमटी नारळाच्या दुधातच होते, आणि ती आपल्यालाही आवडेल. आणि सभासदत्वाच्या अर्जावर ‘धर्म’ आणि ‘मूळ गाव’ असे दोन रकाने आहेत. गावाचा ठेवा, माणसं त्यावरून एकमेकांना शोधतात. धर्माचा काढून टाका.