‘पुट ऑफ’ आणि तो मधला ‘इट’

नमस्कार मंडळी! ‘पुट ऑफ’वर व्हिडिओ करा म्हणून किती दिवस मागे लागला होता, तर आज बसलोच.

पहिला अर्थ, पुढे ढकलणे. ‘दे पुट ऑफ द मीटिंग.’ भूतकाळातही ‘पुट’च. पुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लावा: ‘आय कीप पुटिंग ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट.’ झालं.

खरी मेख ‘इट’ची आहे. ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं. पण मीटिंगच्या जागी ‘इट’ आलं, की ते मधेच बसतं. ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ नाही म्हणजे नाही!

एका ताईंनी मागच्या व्हिडिओखाली लिहिलंय, ‘सर, समोरच्याला कळतं ना, मग झालं.’ कळतं हो ताई. ‘मी भाकरी खाल्ला’ म्हटलेलंही आपल्याला कळतं. पण कानाला खटकतंच ना?

मोठ्यानं म्हणून बघा. पुट इट ऑफ. जोर ‘ऑफ’वर पडला. ‘इट’ बिनजोराचं, त्याला शेवटची जागा पेलवत नाही. ‘देम’, ‘हिम’, ‘मी’ यांचंही तेच.

आता मराठीत बघा. गाडी ढकलतो, पण लग्न पुढे ढकलतो. दोन तुकड्यांचं क्रियापद आपल्याला नवं नाही. आणि ‘पुढे कशाला ढकलता?’ म्हणताना मधे शब्द आपणही घालतोच की!

दुसरा अर्थ, मन उडवणे. ‘द स्मेल पुट मी ऑफ.’ ताट समोर आलं, वास आला आणि जेवायची इच्छाच गेली. बघा, ‘मी’ कुठे बसलाय? मधे. लक्ष उडवण्यालाही हेच: ‘डोन्ट स्टेअर, यू आर पुटिंग मी ऑफ.’

आणि हे ‘रद्द’ नव्हे, हे कळकळीनं सांगतोय. पहिल्या नोकरीच्या वेळी मला मेल आला, ‘द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ.’ मी रद्द समजून गावी निघून गेलो. नव्या तारखेचा मेल वाचला तेव्हा ती तारीख उलटून दोन दिवस झाले होते. रद्द म्हणजे ‘कॉल ऑफ’. ‘दे कॉल्ड इट ऑफ.’ इथेही ‘इट’ मधेच.

‘पुट ऑफ द लाइट’ चूक का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. चूक नाही, आपल्याकडे सर्रास म्हणतात. बाहेर ‘टर्न ऑफ’ जास्त ऐकाल. आणि दिव्याचं नाव न घेता सांगायचं असेल, तर? लिहा खाली, मी प्रत्येकाचं वाचणार आहे.