पेटीवरची चिठ्ठी

मार्च १८९०. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या कॅलेस गावी जेसी वॉल्टर फ्यूक्स हे अभ्यासक एडिसनचा फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपणारं यंत्र, घेऊन पोहोचले. पॅसामाक्वॉडी या मूळनिवासी समाजातल्या माणसांनी कर्ण्यासमोर बसून गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. एखाद्या समाजात प्रत्यक्ष जाऊन केलेलं हे जगातलं पहिलं ध्वनिमुद्रण मानलं जातं. मेणाच्या एका नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावायची. त्यातली ३१ नळकांडी शिल्लक आहेत.

आता मला विचारायचंय ते असं, की ती राहिली कुठे? आधी हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात, मग वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. चांगली जपली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांचे आवाज होते त्यांच्या पतवंडांना ते ऐकायला नव्वदेक वर्षं लागली. १९८०च्या सुमारास प्रती समाजाकडे आल्या, त्याही खरखरीत. पुढे नव्या तंत्राने मुद्रणं साफ झाली, तेव्हा समाजातली जाणती माणसं कान देऊन बसली, एकेक शब्द लावत गेली. त्यांनी गाण्यांना आपल्या भाषेतली नावं दिली, अर्थ लिहून दिले. २०१८ साली ही मुद्रणं ऑनलाइन आली ती या नोंदींसकट, आणि वापर कसा करावा हे सांगणाऱ्या समाजाच्या सूचनांसकट.

म्हणजे सव्वाशे वर्षं मुद्रणांची पेटी तीच होती. बदलली ती पेटीवरची चिठ्ठी. मला विचाराल तर आर्काइव्हचं, म्हणजे जुने आवाज, फोटो, कागद जपणाऱ्या संग्रहाचं, निम्मं काम या चिठ्ठीतच आहे. कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, कुणाच्या परवानगीने. फोटोखाली ‘एक वृद्ध स्त्री’ असं लिहिणारा माणूस आळशी असतो असं नाही. त्याला विचारायला कुणी शेजारी नसतं, इतकंच.

आणि सगळं सगळ्यांसाठी खुलं करणं म्हणजेच लोकशाही, हा आपला एक लाडका समज. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांमध्ये कुठली गोष्ट कुणी पाहावी याचे नियम आहेत. दिवंगतांचे फोटो त्यांच्या आप्तांना अवचित दिसू नयेत अशीही काळजी असते. त्यांच्याबरोबर काम करताना ‘मुकुर्टू’ नावाची संगणकप्रणाली घडली. कोण पाहतंय त्यावर काय दिसेल ते तिथे ठरतं, आणि ठरवतो तो समाज. मुकुर्टू म्हणजे त्यांच्या भाषेत पवित्र वस्तू जपून ठेवायची झोळी.

उलट टोकाची गोष्ट बेलफास्टची. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात सशस्त्र गटांत असलेल्या माणसांच्या मुलाखती २००१पासून अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या प्रकल्पात घेतल्या गेल्या. तुमच्या हयातीत त्या उघडणार नाहीत, असा शब्द दिला होता. २०११ साली पोलीस तपासासाठी त्या टेप कायद्याने मागवल्या गेल्या, आणि प्रकरण कोर्टात गेलं. मुलाखत देणाऱ्याला आपण कोणता शब्द देतो आणि तो पाळणं खरंच आपल्या हातात आहे का, हे टेप सुरू करण्याआधी बघायला हवं.

यंत्रांबद्दल बोलायचा मला कंटाळा, पण थोडं बोलतो. टेप अजून धड असते, ती वाजवणारं यंत्र मात्र मिळत नाही आणि दुरुस्त करणाराही मिळत नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली इशारा दिला होता, की २०२५पर्यंत ज्या टेप डिजिटल होणार नाहीत त्या बहुधा गेल्याच. जागेची अडचण आता राहिलेली नाही. उत्तम दर्जाचं तासाभराचं ध्वनिमुद्रण दोन जीबीच्या आसपास बसतं. अडचण वेळेची आहे. तासाभराची टेप संगणकावर उतरवायला तास लागतोच, ती पूर्ण वाजू द्यावी लागते. तर तो तास यंत्राजवळ एकट्याने बसून काढू नका. तो आवाज ओळखणारं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवा, आणि हातात वही ठेवा.