फोन मध्येच ठेवावा

पुण्यातल्या कोथरूड, औंध, सहकारनगर या भागांतल्या अनेक घरांत मुले परदेशी असतात आणि निवृत्त आई-वडील दोघेच राहतात. अशा घरात भर दुपारी वाजलेला फोन लगबगीने उचलला जातो, आणि समोरचा माणूस बोलत असताना मध्येच फोन ठेवणे असभ्यपणाचे वाटते. फसवणूक करणाऱ्याला नेमका हाच सुसंस्कृतपणा हवा असतो.

कर्ज, विमा किंवा प्लॉट विकणाऱ्यांचा बंदोबस्त त्या मानाने सोपा आहे. १९०९ या क्रमांकावर जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद करता येते आणि तरीही फोन आल्यास तिथेच तक्रार करता येते. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे साध्या दहा अंकी मोबाईलवरून कोणी काही विकू लागला, तर तो नियम मोडतो आहे हे ओळखावे.

खरी भीती दुसऱ्या फोनची आहे. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, आता तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, असे सांगून गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि मुलांनाही काही कळवू नका, अशी ताकीद देतो. हा सगळा डाव त्या ताकिदीवरच उभा असतो, कारण घरातल्या किंवा शेजारच्या कोणाशी एकदा बोलणे झाले की तो तिथेच कोसळतो. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची तरतूदच नाही, आणि पडताळणीसाठी पैसे दुसऱ्या खात्यात भरा, असे कोणतेही पोलीस सांगत नाहीत. तेव्हा उत्तर न देता, वाद न घालता फोन ठेवावा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः चौकशी करावी. पैसे गेले नसले तरी असा क्रमांक केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षु’ सुविधेत कळवावा.

पैसे गेलेच असतील, तर लाजेपोटी एक रात्रही थांबू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. ही रक्कम भराभर अनेक खात्यांतून पुढे सरकवली जाते, आणि ती वाटेत गोठवता यावी म्हणूनच १९३० ही मदतवाहिनी आहे. तिथे ताबडतोब फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि समोरच्याचा फोन नंबर हाताशी ठेवावा, आणि संतापाच्या भरात त्याचे संदेश पुसून टाकू नयेत, कारण तपास त्यांच्याच आधारे पुढे जातो.