गोलाईच्या तोंडाशी

श्रोतेहो, नमस्कार. मी लातूरची. शाळेत शिकवते आणि गेली १९ वर्षं स्वतः गाडी चालवते. औसा, अहमदपूर, नांदेड हे रस्ते अंगवळणी पडलेले. उसाच्या ट्रॅक्टरमागं रात्रीची गाडी चालवलेली. त्यामुळं लेकीच्या बाळंतपणाला लंडनला निघाले, तेव्हा तिथं स्टिअरिंग हाती घ्यावं लागलं तर काय, याची धास्ती नव्हती. तिकडंही आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात. आपलं लायसन्स असलं की पाहुण्या माणसाला तिथं १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. एवढंच, की विम्यात चालवणाऱ्याचंही नाव लागतं. जावयांनी माझं नाव घालून घेतलं.

लेकीचं सिझेरियन झालेलं. जावई कामावर रुजू झाले आणि बाळाला तपासणीला न्यायची वेळ आली. मी म्हटलं, मी नेते.

बाळाला मांडीवर घेऊन बसता येत नाही तिथं. १८ दिवसांचं लेकरू, त्याला मागच्या सीटवर पाठमोऱ्या खुर्चीत पट्ट्यानं बांधायचं. माझ्या जिवावर आलं होतं. पण कायदाच तसा आहे, आणि मुलं १२ वर्षांची किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत त्यांना त्यांच्या मापाचं आसन लागतं. लेक मागं बाळाशेजारी बसली. तिनं दोन बोटं पट्ट्याखाली घालून तो किती घट्ट आहे ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, दमानं घे."

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून एक गाडी आली आणि तिनं दिवे उघडझाप केले. आपल्याकडं समोरच्यानं डिपर मारला की अर्थ एकच, मी येतोय, तू थांब. मी थांबले. तोही थांबून राहिला. पुन्हा दिवे. मी आणखी कडेला सरकले. तेव्हा मागून लेक म्हणाली, "आई, तो तुला जा म्हणतोय." तिथं लोक दिव्यांची ती खूण "तुम्ही आधी" या अर्थानं करतात. नियमपुस्तकात तसं नाही, तिथं ती फक्त "मी इथं आहे" एवढं सांगण्यासाठी आहे, पण रूढी ही अशी. मी पुढं गेले. त्या माणसानं काचेआडून हात वर केला, मीही केला.

हॉर्न तर मी दिवसभर ऐकलाच नाही. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला बंदी आहे. पण दिवसाही कुणी वाजवत नव्हतं.

आता ज्यासाठी आज बोलायला आले ती गोष्ट. मोठ्या रस्त्यावर एक चौक आला. सिग्नल नाही, पोलीस नाही, मध्ये गवताचं गोल बेट. आपल्या तोंडाशी रस्त्यावर तुटक पांढऱ्या रेघा आणि उलट्या त्रिकोणाची पाटी. उजवीकडून गोलातून एक लाल दुमजली बस येत होती, थोडी लांब होती. मी लातुरात करते तेच केलं. पुढचं चाक आत घातलं. आपल्याकडं चाक आत गेलं की समोरचा वेग कमी करतोच, तो आपली वाट बघूनच चालवत असतो. तिथला बसवाला मात्र मी थांबणार हे धरूनच येत होता. त्यानं करकचून ब्रेक मारला. बसमध्ये उभी असलेली एक म्हातारी बाई दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखी पुढं झुकलेली मला स्पष्ट दिसली. पडली नाही. माझ्या मागं लेकीचा हात बाळाच्या खुर्चीवर आपटल्याचा आवाज आला. मी गाडी मागं घेतली. बसवाला काही बोलला नाही, निघून गेला. माझ्या तळहातांना घाम फुटला होता. त्या म्हातारीचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

रात्री जावयांना विचारलं, तेव्हा कळलं की हा नियम तिथंही सुरुवातीपासून नव्हता. पूर्वी बाहेरच्या गाड्या गोलात घुसायच्या, आतल्यांना बाहेर पडता येत नसे आणि सगळा गोल जाम व्हायचा. १९६६ साली ब्रिटननं नियम केला, गोलात जो आधीच आहे त्याचा हक्क पहिला, बाहेरच्यानं उजवीकडं बघून थांबायचं. फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या इंजिनिअरनं यात खूप काम केलं. त्यातून पुढं इतके छोटे चौक निघाले की मध्ये नुसता पांढरा ठिपका रंगवलेला असतो. गोल चौकात आतल्याला आधी जाऊ द्यायचं, हे आपल्या नियमांतही आहे. मी १९ वर्षं गाडी चालवली, आणि ते मला ६० वर्षांपूर्वीच्या लंडनकडून कळलं, याची मला लाज वाटते.

कारण आमच्या लातूरची गंजगोलाई! मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती बाजार आणि तब्बल १६ रस्ते येऊन मिळतात. दागिन्यांपासून गुळापर्यंत सगळं तिथं. गोलाईची ती मुख्य इमारत १९१७ सालची. एवढी देखणी आखणी, आणि सणासुदीला तिथं काय अवस्था होते ते तुम्ही जाणता. रस्ते कमी आहेत म्हणून नव्हे. १६ तोंडांनी प्रत्येकजण चाक आत घालतो, आणि आतला आतच अडकतो.

परत आल्यावर मी गोलाईच्या तोंडाशी थांबले. आतून मिरचीची पोती घेऊन टेम्पो येत होता. माझ्या मागं हॉर्न सुरू झाले, एक मोटारसायकल डावीकडून घुसली. मी थांबलेली पाहून टेम्पोवालाही थांबला. मी हातानं खूण केली, "या दादा, तुम्ही आत आहात." तो गेला, मग मी गेले.

आता दर शनिवारी कवायतीनंतर शाळेच्या मैदानावर मी फक्कीनं एक मोठा गोल आखते, त्याला चार रस्ते काढते. सातवीची मुलं गाड्या होतात. पहिल्या शनिवारी सगळी मधोमध अडकली, रडारडही झाली. परवा एक मुलगी रेघेवर थांबली, उजवीकडं मान वळवून बघत, आतली दोघं जाईपर्यंत. मागच्या पोरानं तिला ढकललं, तरी ती हलली नाही.