डेंग्यूचा ताप उतरला म्हणून लगेच कामाला लागू नका

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय: ताप आहे, डोकं ठणकतंय, अंगात त्राण नाही, काय घेऊ? गोव्यात डिचोलीत फार्मसीच्या काउंटरवर उभी असते मी, पाऊस सुरू झाला की हाच प्रश्न दिवसभर ऐकते.

सोपं आहे ते भराभर सांगते. ताप हात लावून बघू नका, थर्मामीटर लावा. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल 650, एका गोळीनंतर दुसरी सहा तासांनी, दिवसाला चारच्या वर नाही. लिव्हरचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलांचा डोस वजनावर ठरतो. पेज, शहाळं, ओआरएस थोडं थोडं देत राहा. दुसऱ्या दिवशीही ताप असेल तर डॉक्टर आणि रक्त तपासणी. मान ताठ झाली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तेवढंही थांबू नका.

आणि कृपा करून ‘अंगदुखीची स्ट्राँग गोळी द्या’ म्हणू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात. स्ट्रिप उलटी करून वाचा, पॅरासिटामॉलच्या जोडीला दुसरं नाव असेल तर परत द्या.

आता मुद्द्याचं. डेंग्यूत ताप उतरतो, तेव्हाच धोका सुरू होऊ शकतो.

माझ्या धाकट्या भावाचं सांगते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तापाच्या पाचव्या सकाळी, थर्मामीटर 98.4. आई म्हणाली, ‘सुटला बाबा एकदाचा.’ मीही आकडा बघून कामावर गेले. तो माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं सामान आणायला बाजारात. संध्याकाळी घरी आले तर पोट धरून बसलेला, दोन उलट्या झालेल्या, तळहात गार. लघवीला कधी गेलास विचारलं, तर म्हणाला, सकाळी. तसंच बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं, चार दिवस सलाईनवर होता. तळहाताचा तो गारवा मी विसरलेले नाही.

होतं काय, तर रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, माठ पाझरतो तशा. रक्तातलं पाणी बाहेर जातं, रक्त घट्ट होतं, प्रेशर पडतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरायच्या सुमारास, पुढचे 24 ते 48 तास. थर्मामीटर हे दाखवत नाही.

एका ताईंनी लिहिलंय, ‘प्लेटलेट्स दीड लाख आहेत, मग भीती नाही ना?’ ताई, त्याच रिपोर्टवर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट असतं. तो आकडा चढतोय का, हे डॉक्टरांना विचारा, कारण रक्त घट्ट होतंय ते तिथे कळतं. सगळं घर प्लेटलेट्स मोजत बसतं आणि या ओळीकडे कुणी बघत नाही, याचा मला खरंच राग येतो. पपईच्या पानांच्या रसाबद्दलही विचारलंत. ज्याला आधीच मळमळतंय त्याला तो कडू रस पाजून उलट्या वाढवू नका, पाणी पोटात राहू द्या.

सगळे ताप डेंग्यूचे नसतात, हेही खरं. शेतात चिखलात उतरलात, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, त्याला वेळेत अँटिबायोटिक लागतं. सत्तरी तालुक्यात काजूच्या दिवसांत बागेत गेल्यावर गोचीड चावून माकडताप होतो, 2015 मध्ये तिथल्या पाली गावात रुग्ण सापडले होते. म्हणून डॉक्टरांना लक्षणांबरोबर ‘कुठे गेलो होतो’ तेही सांगा.

घरी कुणाला डेंग्यू असेल तर ताप उतरल्याची वेळ कागदावर लिहून फ्रिजला लावा. पुढचे दोन दिवस लघवीची वेळ त्याच कागदावर. पोटात सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, माणूस सुस्त झालाय, किंवा सहा तास लघवीच नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन लावा.